कूस बदलली की खोली फिरते, तर दोष कानात कसा?

प्रश्न थोडक्यात असा: वय ५४. तीन आठवड्यांपासून रात्री उजव्या कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते आणि अर्ध्या मिनिटात थांबते. वरच्या फळीवरचं काही काढायला मान वर केली की पुन्हा तेच. मळमळतं. कान दुखत नाही, वाहत नाही, ऐकू व्यवस्थित येतं. मानेच्या एक्स-रेत मणक्यांची झीज निघाली म्हणून गळपट्टा आणि चक्करच्या गोळ्या मिळाल्या, पण फरक शून्य. आता दुसरे डॉक्टर म्हणतात, ‘कानाचं आहे’. धडधाकट कानातून चक्कर येते कशी, आणि गोळ्या लागू का पडत नाहीत?

दोन्हींचं उत्तर त्या ‘अर्ध्या मिनिटा’त दडलेलं आहे. तिथे पोचण्याआधी शब्दाचा गुंता सोडवू.

घेरी, भोवळ, अंधारी, झोकांडी असे वेगवेगळे शब्द आपल्याकडे आहेत, पण दवाखान्यात सगळ्याचं मिळून ‘चक्कर’ होतं. मग सांगणारा एकाबद्दल बोलतो आणि ऐकणारा दुसऱ्याबद्दल. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते तेव्हा बहुधा रक्तदाब क्षणभर उतरलेला असतो. बसलं की बरं आणि चालायला लागलं की झोकांड्या, असं असेल तर पायांच्या नसा किंवा लहान मेंदू तपासावा लागतो. डोकं दिवसभर हलकं, पोकळ वाटतं त्यामागे औषधं, रक्तक्षय, चिंता असं काहीही असू शकतं. आपण स्वतः किंवा भोवतालचं जग फिरतंय, झुकतंय असं वाटणं ही खरी गरगर, आणि आतला कान बिघडला की प्रामुख्याने हीच होते.

तरी नुसत्या वर्णनावर फार विसंबू नये. तोच माणूस दहा मिनिटांनी तीच चक्कर वेगळ्या शब्दांत सांगतो. त्यापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे: एक झटका किती वेळ टिकतो, आणि तो कशाने सुरू होतो? यातही एक फसगत आहे. ‘तीन आठवडे चक्कर आहे’ असं सांगितलं जातं, तेव्हा प्रत्येक झटका तीस सेकंदांचाच असतो. मधल्या वेळात असते ती मळमळ, धास्ती आणि डोक्याचा जडपणा. झटक्याची लांबी वेगळी विचारली नाही, तर हाच रुग्ण चुकून दुसऱ्याच आजाराच्या खात्यात जातो.

आतल्या कानाच्या गरगरीचा ठोकताळा सोपा आहे. सेकंदांची असेल तर कानातले जागेवरून निसटलेले बारीक खडे, तासांची असेल तर मेनिएर नावाचा कानाचा आजार, आणि दिवसरात्र सलग असेल तर तोलाच्या नसेची सूज. अपवाद पुढे येतीलच.

कान दुखत नाही, तरी कानच

दुखतो तो बाहेरचा आणि मधला कान. आतला कान कानशिलाच्या हाडात, शरीरातल्या सर्वांत टणक हाडांपैकी एकात, बंदिस्त असतो आणि तो बिघडला म्हणून दुखत नाही. त्याचे दोन विभाग आहेत. गोगलगाईच्या आकाराचा भाग ऐकण्यासाठी, आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिका व दोन छोट्या पिशव्या तोलासाठी. द्रव तोच, शेजार तोच, पण कामं वेगळी. म्हणून ऐकण्याची तपासणी चोख येऊनही तोलाचा भाग आजारी असू शकतो.

तीन नलिका एकमेकींशी साधारण काटकोनात असतात, जशा खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन भेटतात. डोकं वळलं की नलिका वळते, आतला द्रव मात्र क्षणभर मागे राहतो. नलिकेच्या फुगीर टोकाशी जेलीसारखा एक पडदा आडवा असतो, तो या मागे राहिलेल्या द्रवाने वाकतो. पडद्यात रुतलेले संवेदनापेशींचे सूक्ष्म केस वाकले की नसेतून संदेश जातो. या पडद्याची घनता भोवतीच्या द्रवाइतकीच असते, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाने तो ना बुडतो ना तरंगतो. नलिकांना फक्त फिरणं कळावं, वर-खाली कळू नये, अशीच ही रचना आहे.

वर-खाली ओळखणं हे पिशव्यांचं काम. त्यांच्यात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे हजारो कण बसवलेले असतात. एकेक कण साधारण १० मायक्रोमीटरचा, पण द्रवाच्या जवळजवळ पावणेतीन पट घन. डोकं कललं की हे जड कण थराला ओढतात आणि खाली कुठे आहे ते मेंदूला कळतं. बोलताना आपण त्यांना ‘खडे’ म्हणतो, पण ते मुतखड्यासारखे रोगट नव्हेत. ते प्रत्येकाच्या कानात हवेतच, फक्त आपल्या जागी.

आणखी एक गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं सोपं होतं. डोकं स्थिर असतानाही दोन्ही कानांच्या तोलाच्या नसा गप्प नसतात. त्यांतल्या एकेका तंतूतून सेकंदाला साधारण ९० स्पंदनं चालूच असतात. मेंदू दोन्ही बाजूंमधला फरक वाचतो. डोकं उजवीकडे वळलं की उजवीकडची स्पंदनं वाढतात आणि डावीकडची घटतात. आता डोकं हललेलंच नाही, पण एका बाजूची स्पंदनं आपोआप वाढली किंवा बंद पडली, तर मेंदू त्याचा अर्थ ‘मी फिरतोय’ असाच लावणार.

या नसांची जोडणी थेट डोळ्यांच्या स्नायूंशी आहे, आणि ती इतकी तल्लख की डोकं हलल्यापासून १० मिलिसेकंदांच्या आत डोळे उलट दिशेने सरकतात. चालताना पाट्या वाचता येतात त्या यामुळे. चुकीचा संदेश गेला की डोळे विनाकारण एका बाजूला घरंगळतात आणि झटक्याने परत येतात. या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. गरगर ही रुग्णाने सांगायची तक्रार असली, तरी निस्टॅग्मस समोरच्याला दिसतो. चक्करच्या तपासणीत सगळ्यात बोलका पुरावा हाच.

तुमचं दुखणं: निसटलेले खडे

याचं नाव बीपीपीव्ही (बिनाइन पॅरॉक्सिझमल पोझिशनल व्हर्टिगो). पिशवीतले काही कण सुटतात आणि नलिकेत घरंगळतात. बहुतेक वेळा, दहातल्या आठ-नऊ जणांत, मागच्या नलिकेत. बसलेले असताना तीच सर्वांत खालच्या पातळीला असते, आणि तिच्या एका टोकाला तो जेलीचा पडदा असल्याने आत गेलेला कण फक्त दुसऱ्या टोकानेच बाहेर पडू शकतो. गाळ साचायला याहून सोयीची जागा नाही.

आता जी नलिका गुरुत्वाकर्षणाला दाद देत नव्हती, तिच्यात वजन शिरलं. तुम्ही उजव्या कुशीवर वळता, नलिकेचा कल बदलतो, कण नव्या तळाकडे घसरतात, द्रव ओढला जातो, पडदा वाकतो. कण हलायला लागेपर्यंत दोन-चार सेकंद, कधी थोडे जास्त, काहीच होत नाही. मग गरगर उसळते. कण तळाशी पोचले की ओढ संपते, पडदा सावरतो, गरगर ओसरते. सगळा खेळ एका मिनिटाच्या आत. तुमचं ‘अर्धं मिनिट’ म्हणजे कणांना नलिकेतून घसरायला लागणारा वेळ. गोळी घेतली काय, न घेतली काय, तो तेवढाच राहणार.

गोळ्या लागू का पडत नाहीत, याचंही उत्तर यातच आहे. त्या मेंदूला थोडं सुस्त करतात, कण हलवत नाहीत. त्यांचा असर चढेपर्यंत झटका केव्हाच संपलेला असतो.

मानेवरचा आळ खोटा का, हे घरच्या घरी कळतं. रात्री कूस बदलताना धड आणि डोकं एकत्रच वळतं, मान पिळली जात नाही, तरी गरगर येते. म्हणजे मानेचा संबंध नाही, फिरलं ते डोकं. मणक्यांची झीज पन्नाशीनंतरच्या बहुतेक एक्स-रेंत दिसतेच. ती खरी असते, पण चक्करचं कारण नसते. गळपट्ट्याने आणखी एक नुकसान होतं. डोकं हलवायचंच नाही अशी सवय लागते आणि मेंदूला सावरायची संधी मिळत नाही.

खात्री कशी करायची

मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली लिहून ठेवलेली तपासणी आजही तशीच वापरली जाते. पलंगावर पाय लांब करून बसवायचं, डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं आणि त्याच स्थितीत झटपट आडवं करायचं. डोकं पलंगाच्या कडेखाली २० ते ३० अंश लोंबलं पाहिजे. डोळे उघडेच ठेवायचे, हे आधीच बजावून ठेवावं, कारण गरगर आली की माणूस घट्ट मिटून घेतो आणि पुरावा हातचा जातो. उजव्या मागच्या नलिकेत कण असतील तर काही सेकंदांनी डोळे कपाळाच्या दिशेने उडू लागतात, आणि त्याच वेळी बुबुळाची वरची कड खालच्या, म्हणजे उजव्या, कानाकडे झटके देत फिरते. उठून बसवल्यावर दिशा उलटते. लगेच पुन्हा केलं तर जोर कमी झालेला दिसतो. ही चारही लक्षणं जुळली की स्कॅनची गरज उरत नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत झटके थांबतात अशी तक्रार बऱ्याच जणांची असते. घरच्या कुणाकडून झटका चालू असताना दोन्ही डोळ्यांचं जवळून, भरपूर उजेडात, ३० सेकंदांचं चित्रण करून घ्या. त्यावरून बाजू आणि नलिका पुष्कळदा ओळखता येते.

कण परत नेण्याची पद्धत

अमेरिकी कानतज्ज्ञ जॉन एपली यांनी १९८० च्या सुमारास ही युक्ती मांडली. गोळी नाही, शस्त्रक्रिया नाही, नुसतं डोकं फिरवून चक्कर जाते, यावर बरीच वर्षं कुणी सहज विश्वास ठेवला नाही. त्यांचा सविस्तर लेख १९९२ साली छापून आला. तत्त्व एवढंच की नलिका ही वाकडी नळी आहे, ती टप्प्याटप्प्याने अशी फिरवायची की कण तिच्या वळणावळणाने पुढे जात पिशवीत पडतील.

उजवा कान धरून सांगतो. बसताना मागे उशी अशी ठेवा की आडवं झाल्यावर ती डोक्याखाली न येता खांद्यांखाली येईल, म्हणजे डोकं आपोआप मागे झुकेल. डोकं उजवीकडे ४५ अंश वळवा आणि पटकन आडवे व्हा. गरगर येईल, येऊ द्या. ती थांबल्यावर आणखी ३० सेकंद तसेच राहा. दुसऱ्या टप्प्यात डोकं न उचलता, झुकलेलंच ठेवून, डावीकडे ९० अंश वळवा, म्हणजे आता ते डावीकडे ४५ अंशांवर आलं. पुन्हा ३० ते ६० सेकंद. तिसऱ्या टप्प्यात अंग डाव्या खांद्यावर वळवा आणि त्याच ओघात डोकं आणखी ९० अंश फिरवा. नाक जमिनीकडे तिरपं रोखलेलं पाहिजे. इथेही तेवढंच थांबा. मग हनुवटी छातीशी ठेवून, पाय पलंगाखाली सोडत, डाव्या बाजूने उठून बसा. बसताना काहींना कुणीतरी ढकलल्यासारखा जोराचा हिसका बसतो, म्हणून शेजारच्याने दोन्ही खांदे धरून ठेवावेत आणि निदान पाच मिनिटं उभं राहू नये.

चुका ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त होते ती तिसऱ्या टप्प्यात: अंग वळतं पण नाक भिंतीकडेच राहतं, जमिनीकडे जात नाही. कण वळणाच्या अलीकडेच अडकतात. दुसरी, पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना डोकं वर उचलणं. मग मिळवलेलं अंतर वाया जातं आणि कण मागे घसरतात. तिसरी, घाई. गरगर थांबली की लगेच पुढे, असं नको. मंद घसरणारे कण मागून येत असतात. चौथी, चुकीचा कान. मागच्या नलिकेसाठी ज्या बाजूला डोकं वळवून आडवं झाल्यावर गरगर येते तोच कान दोषी धरायचा. ज्या बाजूला ऐकू कमी येतं किंवा कान भरल्यासारखा वाटतो, तो नव्हे.

नीट केली तर एक-दोन बैठकांत दहातल्या सुमारे आठ जणांचे झटके जातात. नंतर दोन रात्री बसून झोपा, डोकं हलवू नका, त्या कुशीवर आठवडाभर जाऊ नका, असे निर्बंध पूर्वी घातले जात. त्यांनी विशेष फायदा होत नाही असं दिसल्याने आता ते घालत नाहीत. झटके गेल्यावरही काही दिवस, क्वचित दोन-तीन आठवडे, गादीवरून चालल्यासारखं अधांतरी वाटतं. ते कण राहिल्याचं लक्षण नाही, मेंदू नवा हिशोब बसवतोय. चालत-फिरत राहिलात की लवकर जातं.

मानेचं मोठं दुखणं, मानेची अलीकडची शस्त्रक्रिया, मानेतल्या रक्तवाहिन्यांचा विकार किंवा डोळ्याचा पडदा सुटण्याची तक्रार असेल तर हे घरी करू नये. मान मागे झुकवता येत नसेल त्यांच्यासाठी सेमाँ यांची पद्धत सोयीची. पलंगाच्या कडेला बसायचं, डोकं दोषी कानाच्या उलट दिशेला ४५ अंश वळवायचं, दोषी बाजूवर झटकन आडवं पडायचं, म्हणजे नाक वर येतं. एक मिनिट थांबून, डोक्याचा कोन न बदलता, एका झोक्यात दुसऱ्या बाजूवर जायचं, आता नाक खाली. पुन्हा एक मिनिट, मग सावकाश बसायचं. इथे मधला झोका सलग असायला हवा. मध्ये बसून दम घेतला की सगळं फुकट.

एपली दोन-तीनदा व्यवस्थित करूनही गुण नाही, तर नलिका दुसरी असू शकते. आडव्या नलिकेत कण असतील तर कोणत्याही कुशीवर वळलं तरी गरगर येते, जवळजवळ लगेच येते, जोरात येते आणि जास्त टिकते. डोळे वर न उडता आडवे पळतात. कधी एपली करतानाच मागच्या नलिकेतले कण निसटून आडवीत जातात आणि रुग्णाला वाटतं उपायाने आजार वाढवला. इथे एपलीचा उपयोग नाही. उताणं झोपून डोकं व अंग ९०-९० अंशांनी निरोगी बाजूकडे लोळवत पूर्ण फेरा घेणं किंवा गुफोनी यांची पद्धत, असे वेगळे उपाय आहेत. कोणता घ्यायचा हे डोळ्यांच्या दिशेवर ठरतं, म्हणून आडव्या नलिकेचा प्रकार पहिल्यांदा तरी जाणकाराच्या हातूनच करून घ्यावा.

हा आजार उलटतो. पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांना पुन्हा झटके येतात. वाढतं वय, डोक्याला मार, आजारपणात लांबलेली झोपणूक, हाडांची ठिसूळता यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. २०२० साली कोरियात झालेल्या मोठ्या चाचणीत, ज्यांच्या रक्तात ड जीवनसत्त्व प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी होतं त्यांना वर्षभर ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिल्यावर झटके उलटण्याचं प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी घटलं. म्हणून ही चक्कर वारंवार येत असेल तर तेवढी एक रक्ततपासणी करून घ्यायला हरकत नाही.

गरगर सलग दिवसभर असेल तर

इथे चित्र पार बदलतं, आणि धोकाही. तोलाची नस सुजते तेव्हा, बहुधा विषाणूमुळे, एका बाजूची ती ९० स्पंदनं जवळजवळ बंद पडतात. माणूस काही तासांत आडवा होतो, उलट्या थांबत नाहीत, डोळे मिटले तरी जग फिरत राहतं. पडून राहिलं तरी गरगर थांबत नाही, हा खड्यांपेक्षा मोठा फरक. (नसेच्या सुजेतही डोकं हलवलं की त्रास वाढतो. म्हणून ‘हलल्यावर वाढते का?’ असं न विचारता ‘न हलता पूर्ण थांबते का?’ असं विचारावं.) पहिले दोन-तीन दिवस जबर, मग काही आठवड्यांत उतार. ऐकू येणं शाबूत असतं. तेही गेलं तर सूज पूर्ण आतल्या कानाची आहे, किंवा याहून गंभीर काही.

गंभीर म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातला पक्षाघात. तो हुबेहूब असाच दिसू शकतो, हातपाय न लुळावता. चक्करसोबत एकाचे दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना अडखळणं, चेहरा किंवा अर्धं अंग बधिर होणं, आधाराशिवाय बसता किंवा उभं राहता न येणं, डोक्यात किंवा मानेत कधी नव्हे अशी कळ, किंवा एका कानाने अचानक ऐकू न येणं, यांतलं एक जरी असेल तरी मोठं रुग्णालय गाठायचं, तासांच्या हिशोबाने. सीटी स्कॅन या भागातला ताजा पक्षाघात बहुतेक वेळा दाखवत नाही, आणि पहिल्या ४८ तासांत एमआरआयही चुकू शकतो.

म्हणून पलंगाशेजारची एक साधी परीक्षा मोलाची ठरते. रुग्णाला तपासणाऱ्याच्या नाकावर नजर रोखायला सांगून त्याचं डोकं १०-१५ अंश झटकन वळवायचं. तोलाची नस मेलेली असेल तर डोळे डोक्याबरोबर वाहून जातात आणि एका झटक्यात नाकावर परत येतात. म्हणजे दोष कानाकडचा. सलग गरगर चालू आहे आणि तरी या परीक्षेत डोळे अगदी अचूक नाकावर टिकतात, तर ती वाईट खूण समजायची: नस ठीक, मग बिघाड वर मेंदूत. इथे ‘सामान्य’ निकाल घाबरवणारा असतो, ही गोष्ट नवख्या डॉक्टरांनाही चटकन पटत नाही. निस्टॅग्मसची दिशा नजरेबरोबर बदलणं, तो सरळ वर-खाली असणं, किंवा एकेक डोळा झाकून उघडताना डोळे वर-खाली सावरणं, हेही मेंदूकडेच बोट दाखवतं. मात्र ही परीक्षा सलग गरगर चालू असतानाच करायची. तुमच्यासारख्या क्षणिक झटक्यांच्या रुग्णात ती सामान्य आली तर त्याचा काहीच अर्थ नाही.

नसेच्या सुजेत पहिले दोन-तीन दिवस उलटी-गरगरीची औषधं जरूर घ्यावीत. सुरुवातीच्या काळात काही डॉक्टर स्टिरॉइडही देतात. त्यानंतर गोळ्या बंद आणि व्यायाम चालू. मेंदूला बंद पडलेल्या बाजूचा नवा ताळेबंद मांडायचा असतो, आणि तो चुका करूनच शिकतो. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला एक अक्षर चिकटवा, हातभर अंतरावर उभे राहा, अक्षर स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने डोकं डावी-उजवीकडे हलवा. एक मिनिट, मग तेवढंच वर-खाली. दिवसभरात तुकड्यातुकड्याने निदान १२ मिनिटं भरली पाहिजेत. थोडी गरगर यायलाच हवी. काहीच होत नसेल तर वेग कमी पडतोय. अक्षर धूसर होऊन नाचायला लागलं तर जास्त झाला. महिनाभर गोळ्या खाऊन पडून राहणाऱ्यांची चक्कर मागे रेंगाळते ती बहुतेक यामुळेच.

मेनिएर आणि बाकीचे

प्रॉस्पेर मेनिएर या फ्रेंच डॉक्टरांनी १८६१ साली मांडलं, की अशी चक्कर मेंदूत रक्त तुंबल्याने येते असं समजलं जातं, पण ती आतल्या कानातूनही येऊ शकते. तुमच्यासारखाच प्रश्न तेव्हा वैद्यकालाही पडलेला होता. त्यांच्या नावाच्या आजारात आतल्या द्रवाचा दाब वाढतो. झटका २० मिनिटं ते १२ तास टिकतो, आणि त्याच्या आगेमागे एका कानात दडे बसतात, घूं-घूं आवाज येतो, खालच्या पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. ऐकणं झटक्यागणिक खाली-वर होतं, म्हणून त्रास चालू असताना केलेला ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, सोन्याच्या मोलाचा. मीठ कमी करण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो: सोडियम दिवसाला १५०० ते २००० मिलिग्रॅम, म्हणजे मीठ साधारण ४ ते ५ ग्रॅम. बीटाहिस्टीन हे औषध जगभर लिहून दिलं जातं, पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या जर्मन चाचणीत ते आणि खोटी गोळी यांत फरक आढळला नाही. झटके आवरत नसतील तर कानाच्या पडद्याआड स्टिरॉइडचं किंवा जेंटामायसिनचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. जेंटामायसिन तोलाच्या पेशी जाणूनबुजून मारतं, म्हणून ते दोनदा विचार करून.

अर्धशिशीची चक्करही काही मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकते आणि मेनिएर समजून वर्षानुवर्षं उपचार घेतले जातात. उजेड-आवाज सहन न होणं आणि आधीची अर्धशिशी हे धागे शोधावेत. मोठ्या आवाजाने किंवा शिंकल्याने गरगरत असेल, आपल्याच डोळ्यांच्या हालचालीचा आवाज कानात ऐकू येत असेल, तर वरच्या नलिकेवरचं हाड विरलेलं असू शकतं. आणि थंड पाण्याने कान धुताना येणारी गरगर हा आजारच नव्हे. गार किंवा गरम पाण्याने आतल्या द्रवात प्रवाह सुरू होतो इतकंच. रॉबर्ट बारानी यांनी यातूनच ३० आणि ४४ अंशांच्या पाण्याची पुढे रुळलेली तपासणी शक्य केली आणि १९१४ चं नोबेल मिळवलं, तेही रशियात युद्धकैदी असताना.

गोळ्यांबद्दल थोडं

प्रोक्लोरपेराझीन, सिनारिझीन, मेक्लिझीन ही उलटी आणि तीव्र गरगर थोपवायला चांगली आहेत, दोन-तीन दिवसांपुरती. यांपैकी प्रोक्लोरपेराझीन आणि सिनारिझीन महिनोन्महिने घेतल्या तर, विशेषतः वय जास्त असेल तर, हात थरथरणं, चाल मंदावणं, चेहरा ताठ होणं अशी कंपवातासारखी लक्षणं दिसू लागतात. मग त्यासाठी आणखी एक गोळी चालू होते. कुणाच्या पिशवीत चक्करची गोळी सहा महिन्यांपासून असेल, तर आधी तिच्याकडे बघावं.

तुम्ही आता कानाच्या किंवा चक्करच्या जाणकाराकडे जाऊन दोन्ही बाजूंनी डिक्स-हॉलपाइक करून घ्या, आणि त्याच बैठकीत एपली. जाण्याच्या दिवशी चक्करची गोळी घेऊ नका, नाहीतर डोळ्यांच्या खुणा पुसट होतात. पोट भरलेलं नको आणि सोबत कुणी असू द्या, घरी परतताना गाडी स्वतः चालवू नका. आठवड्याने पुन्हा उजवीकडे झोपवून डोळे बघावेत. ते स्थिर राहिले तर गळपट्टा कपाटात टाका आणि मुद्दाम उजव्या कुशीवर झोपायला लागा.